नागाची पूजा नागाच्या स्थानीच

आज श्रावण शुद्ध पंचमी. घरोघरी पाटावर गंधाने नागाच्या आकृती रेखाटल्या जातील, त्यांस दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जाईल आणि स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे उकडली जातील. आज तवा चुलीवर चढत नाही, विळीवर भाजी चिरली जात नाही, शेतात नांगर चालत नाही आणि जमीन खणली जात नाही. कित्येकांस हे निषेध आता निव्वळ रूढी वाटतात. आमच्या मते या सणाचे मर्म त्यांतच साठविलेले आहे. वर्षातून एक दिवस तरी मनुष्याने आपली हत्यारे खाली ठेवावीत आणि भूमीच्या पोटात राहणाऱ्या जीवास निर्धास्त राहू द्यावे, हाच या व्रताचा आदेश होय.

पंचमीची कहाणी आपल्या माता-भगिनींस मुखोद्गत असते. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरला आणि नागिणीची पिले मारली गेली. संतापलेल्या नागिणीने त्याच्या घरादारास दंश केला व ती त्याच्या सासुरवाशीण लेकीकडे गेली. ती लेक पाटावर नाग काढून मनोभावे पूजा करीत होती. नागीण प्रसन्न झाली आणि तिने दिलेल्या अमृताने माहेरची माणसे उठून बसली. या कहाणीतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अनर्थ घडला तो नागाचे घर मोडल्याने; आणि प्रसाद लाभला तो चित्रातील नागाची पूजा केल्याने. त्या लेकीने नाग पकडून आणविला नव्हता.

या व्रताचा काळही निसर्गक्रमाशी जुळणारा आहे. नागीण उन्हाळ्याच्या सुमारास उंदराच्या बिळात वा वाळवीने बांधून सोडलेल्या वारुळात अंडी घालते आणि त्यांची राखण करीत राहते. सुमारे दोन महिन्यांनी, बहुधा पावसाळ्यात, पिले बाहेर पडतात. नेमक्या याच दिवसांत बिळांत पाणी शिरते आणि सर्प कोरड्या जागेच्या शोधात वस्तीकडे सरकतात. ज्या ऋतूत त्याची व आपली गाठ पडण्याचा संभव अधिक, त्याच ऋतूत पूर्वजांनी त्याच्या पूजेचा दिवस नेमला, हे आम्हास मोठे अर्थपूर्ण वाटते.

पुराणांचा कौलही हाच आहे. यमुनेच्या डोहातील कालियाचे श्रीकृष्णाने मर्दन केले, परंतु त्याचा वध केला नाही. त्यास त्याच्या मूळ स्थानी, समुद्राकडे परत पाठविले. जनमेजयाच्या सर्पसत्रात सर्पकुळे भस्म होत असता आस्तीक ऋषींनी ते सत्र थांबविले. शासन करावे पण निर्वंश करू नये, आणि ज्याचे स्थान त्यास द्यावे, हीच या दोन्ही कथांची शिकवण आहे.

असे असता भक्तीच्या नावाखाली नागाचे जे हाल होत आले ते पाहून खेद होतो. दारी आलेल्या गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पितो ते भक्तीने नव्हे. दूध हे सर्पाचे अन्नच नव्हे. त्यास ते पचत नाही. कित्येक दिवस उपाशी व तहानलेला ठेवलेला जीव समोर येईल तो द्रव घशाखाली उतरवितो, आणि तेच दूध श्वासमार्गात शिरून अनेकदा त्याचा मृत्यू ओढवतो. त्याचे दात उपटलेले असतात, प्रसंगी तोंडही शिवलेले असते. पुंगीच्या सुरावर तो डोलतो हाही भ्रम आहे. त्यास बाह्य कर्ण नाहीत. समोर हलणाऱ्या पुंगीवर तो नजर रोखून असतो. चित्रापुढे ठेवलेले दूध हा नैवेद्य होय. जिवंत नागाच्या मुखी घातलेले दूध ही हिंसा होय.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची परंपरा गोरक्षनाथांशी जोडली जाते. तेथे जिवंत नागांची पूजा व मिरवणूक होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली त्यास आळा घातला. पुढे २०२५ साली केंद्र शासनाने केवळ शैक्षणिक हेतूने मोजके नाग पकडण्याची परवानगी दिली. शिराळकरांच्या श्रद्धेविषयी आम्हास आदर आहे. तथापि श्रद्धेची कसोटी देवतेच्या सुखात असते, भक्ताच्या हौसेत नसते.

मग नागाचे दर्शन घ्यावयाचे नाही काय? अवश्य घ्यावे, पण त्याच्या स्थानी आणि दुरून. पावसाने उघडीप दिली की बांधावर उन्हात पहुडलेली धामण, तळ्याच्या काठी बेडकाच्या मागावर असलेला दिवड, वारुळाच्या तोंडाशी क्षणभर दिसणारा नाग, हे खेड्यात राहणाऱ्यास दुर्लभ नाही. दोन धामणी परस्परांस वेढे घालून उभ्या राहिल्या की लोक त्यास मीलन समजतात. वस्तुतः ती बहुधा दोन नरांची झुंज असते आणि त्यांत कोणी कोणास चावत नाही. नाग फणा उभारून फुत्कारतो तो हल्ल्यासाठी नव्हे, आपणास दूर राहण्याचा इशारा देण्यासाठी. तो मानून चार पावले मागे सरणे, यातच दर्शनाचे पावित्र्य आहे. नाग हाती धरून भ्रमणध्वनीवर चित्रफिती काढणाऱ्यांनी हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे. त्या खेळात नागाची विटंबना होते आणि प्रसंगी माणसाचाही प्राण जातो.

सर्पाचे भय खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मृत्यू पावल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतील कष्टकरी होत. परंतु दिसेल तो साप मारल्याने हे मृत्यू टळत नाहीत. धामण व दिवड बिनविषारी असूनही काठीखाली जातात, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. उंदरांच्या मागावर घरात येतो तो नाग. रात्री हाती विजेरी असावी, सरपण व गवत उचलताना काठीने आधी चाळवावे, जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी नीट खोचावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ न दवडता तो अवयव हलू न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयी न्यावे. तेथे जी लस टोचतात तीही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याच विषापासून सिद्ध होते. तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था सर्पांचे विष काढून त्यांस पुन्हा रानात सोडते. ज्याचे विष त्याच्याकडूनच उतारा, असे हे कहाणीतील अमृताचे आजचे रूप म्हणावे लागेल.

आज वारुळाच्या पूजेस जाणाऱ्या भगिनींस आमची विनंती आहे की, हळदकुंकू व फुले वारुळाबाहेर वाहावीत. आत दूध ओतू नये. गारुड्यास दक्षिणा देऊन त्याच्या टोपलीस आश्रय देऊ नये. घरात साप निघाल्यास वनविभागास वा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे आणि त्यास जवळच्याच सुरक्षित रानात सोडण्याचा आग्रह धरावा. परक्या मुलखात नेऊन टाकलेला सर्प बहुधा तगत नाही. आणि उद्या षष्ठीस नांगर, कुदळ वा घरबांधणीचे यंत्र पुन्हा चालू होईल, तेव्हा बांधावरचे एखादे वारूळ, ओढ्याकाठची एखादी राई तशीच राखावी. पंचमीच्या एका दिवसाचा नेम वर्षभर पाळला जाईल तर पाटावरील नागदेवता खऱ्या अर्थाने प्रसन्न होईल, अशी आमची श्रद्धा आहे.