फटफटी दारात, कागद कुठे?

जुन्या फटफटीला सध्या भाव आला आहे. ज्या राजदूतला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकवून गवळ्याने पंधरा-वीस वर्षे दूध वाहिले, जी येझदी गोठ्याच्या मागे कडब्याखाली गंजत पडली होती, जी बुलेट भंगारवाल्याने किलोच्या भावात मागितली होती, त्याच गाड्या शोधत आज शहरातून माणसे खेड्यात येतात. गावातली तरुण पोरेही मागे नाहीत. इंजिन बांधून, टाकीला रंग देऊन, निकेल करून गाडी अशी उभी करतात की म्हाताऱ्या माणसांनी थांबून बघावे. यात वाईट काही नाही. पण व्यवहाराच्या वेळी एक प्रश्न हमखास मागे राहतो. कागद कुठे आहेत?

उत्तर ठरलेले असते. "कागद काय, मिळतील की. गाडी बघा, एका किकमध्ये चालू होते." मग शंभर-पाचशेच्या बाँडवर दोन सह्या होतात, चहा होतो आणि गाडी नव्या दारात येते. वाचकहो, त्या दिवशी तुम्ही गाडी विकत घेतलेली नसते. तुम्ही लोखंड विकत घेतलेले असते. ते रस्त्यावर चालवायचा हक्क कागदातून येतो आणि तो कागद तुमच्याकडे नसतो.

पाटीमुळे उघडे पडले

हा प्रश्न जुनाच आहे. पण २०२५ साली तो घराघरांत पोचला, तो नव्या नंबरप्लेटमुळे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याचे राज्य सरकारने सक्तीचे केले. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, पुढे ती एकदा नव्हे, अनेकदा वाढवावी लागली. पाटीसाठी अर्ज करताना गाडीचा नंबर, चेसी नंबर आणि इंजिन नंबर सरकारच्या 'वाहन' या संगणकातल्या नोंदीशी जुळावा लागतो. इथेच अनेकांचे घोडे अडले. कुणाच्या गाडीची नोंद संगणकात चढलेलीच नाही, ती जुन्या रजिस्टरात राहिली. कुणाची चढली, पण मालक म्हणून तीन माणसांपूर्वीच्या माणसाचे नाव आहे. तर कुणाच्या गाडीचा चेसी नंबर आणि बुकातला नंबर यांत एका आकड्याचा फरक आहे. इतकी वर्षे "चालतंय की" म्हणून चालले, ते एका पाटीने थांबवले.

कागद गेले कुठे?

खेड्यातल्या जुन्या गाड्या बिनकागदाच्या का झाल्या, हे नीट समजून घेतले पाहिजे. सगळ्याच काही चोरीच्या नाहीत, बहुसंख्य तर नाहीतच. मद्रासजवळ बुलेट बनू लागली १९५५ च्या सुमारास. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकात जावा आली, १९७३ पासून येझदी आली, आणि तो कारखाना १९९६ साली बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत साठच्या दशकापासूनची. म्हणजे या गाड्यांनी एका माणसाचे नव्हे, दोन-तीन पिढ्यांचे आयुष्य पाहिले आहे. बुक पावसात भिजले, वाळवीने खाल्ले, घर वाटणीत एका भावाकडे आणि गाडी दुसऱ्याकडे गेली. मूळ मालक वारला, वारसांनी नाव लावलेच नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लावायला आपण तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालतो, पण गाडीच्या बुकावर वारसाची नोंद करायची असते हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

दुसरे कारण जिल्हा आणि नंबर बदलण्याचे. 'एमएच' ही मालिका १९८९ पासूनची. त्याआधी तीन अक्षरांचे नंबर होते, आणि ते बघून गाडी कुठल्या कचेरीची हे आजच्या पोराला कळत नाही. त्यात जिल्हे फुटले. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ साली झाले, लातूर आणि गडचिरोली १९८२ साली. त्याआधीच्या गाडीची नोंद आजच्या जिल्ह्याच्या कचेरीत शोधून सापडणार नाही, तेव्हाच्या कचेरीचे रजिस्टर उघडावे लागेल. सीमाभागात तर गाडी कर्नाटकातली आणि वापर आपल्याकडे, असा प्रकार सर्रास. तिथल्या कचेरीचे ना-हरकत पत्र कुणी आणलेलेच नसते.

तिसरे कारण लिलावाचे. लष्कराच्या, पोलिसांच्या, सरकारी खात्यांच्या लिलावात बुलेट घेतलेले लोक गावोगावी आहेत. पहिल्या घेणाऱ्याकडे लिलावाचा आदेश होता. त्याने गाडी पुढे विकली तेव्हा तो आदेश कपाटातच राहिला.

विकणाराही सुटत नाही

"मी गाडी विकली, पैसे घेतले, विषय संपला," असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर, १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे झाले नाही तर नोंदीत जुनाच मालक राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एका मोटारीच्या मालकाने ती विकली, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत गेली आणि मग अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. आता विचार करा. तुमच्या वडिलांनी १९९५ साली विकलेली राजदूत कुणी तिऱ्हाईत चालवतो आहे, विमा नाही, आणि समोर माणूस दगावला. नोटीस कुणाच्या दारात येईल?

घेणाऱ्याची बाजूही तितकीच अवघड. नोंदणीशिवाय गाडी चालवली तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडल्यास तो १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि कैदही होऊ शकते. विम्याचे तर विचारूच नका. नाव एकाचे, गाडी दुसऱ्याची, पासिंगची मुदत संपलेली, अशा गाडीवर अपघात झाला तर दावा वर्षानुवर्षे लोंबकळतो. आणि गाडी चोरीची निघाली तर "मला माहीत नव्हते" हे पोलीस ठाण्यात पटवून देणे सोपे नसते. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात आणि बिनकागदाची गाडी का घेतली, हाच पहिला प्रश्न येतो.

वाट आहे, पण प्रत्येकाची वेगळी

सर्वांना लागू पडेल असा एकच इलाज एजंट सांगतो. "द्या मला, करून देतो." तसा इलाज नाही. तुमची अडचण कुठली आहे ते आधी ठरवा.

गाडीवर नंबर आहे, मूळ मालक हयात आहे आणि फक्त बुक हरवले आहे, तर काम सरळ आहे. बुक हरवल्याची पोलिसांत नोंद करायची, नोंदीतल्या मालकाने फॉर्म २६ भरून दुय्यम आरसी घ्यायची आणि मग फॉर्म २९ व ३०, ज्याला आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात, त्यावर दोघांच्या सह्या करून नाव बदलायचे. इथे मूळ मालकाला गाठणे हेच खरे काम. त्याच्या गावी जा, नीट बोला, जाण्यायेण्याचा खर्च द्या. तो नाही म्हणेल असे धरून आधीच खोट्या सह्या करू नका.

मालक वारला असेल तर फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. वारसाने आधी आपल्या नावावर करून घ्यायचे आणि मग तुम्हाला द्यायचे. भावाभावांत वाद असेल तर तो मिटेपर्यंत पैसे देऊ नका.

लिलावाची गाडी असेल तर फॉर्म ३२ आणि लिलाव कायम झाल्याचा आदेश. आदेश हरवला असेल तर ज्या खात्याने लिलाव केला तिथे लेखी अर्ज करून प्रत मागा. मात्र १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, हे ध्यानात ठेवा. अशी गाडी आता घेताना दहादा विचार करा.

नोंद संगणकात नसेल पण बुक हातात असेल, तर बुक आणि गाडी दोन्ही घेऊन मूळ कचेरीत जा आणि रजिस्टरावरून संगणकात नोंद चढवण्याचा अर्ज द्या. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपलेली असतेच, तेव्हा नूतनीकरणही ओघाने आले. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीला १,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरील दुचाकीला ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये. उशिराचा दरमहाचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. हा हिशेब गाडीच्या किमतीत आधीच धरा.

राहिली शेवटची जात. नंबर नाही, बुक नाही, मालक माहीत नाही. तिथे कायद्यात सरळ वाट नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चेसी आणि इंजिन नंबरवरून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीची आहे का, ते बघता येते आणि तसा दाखलाही निघतो. पण 'चोरीची नोंद नाही' याचा अर्थ 'तुमची आहे' असा होत नाही.

'व्हिंटेज'चा गैरसमज

"अहो, सरकारने जुन्या गाड्यांचा नवा नियम काढलाय, आता बिनकागदाची पण होते," असे गावात ऐकू येते. अर्धवट माहितीचा हा नमुना. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले हे खरे. पण त्यात काय आहे ते वाचा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. ती मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, म्हणजे बुलेटला डिझेल इंजिन बसवलेले असेल तर दार बंद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

सगळ्यात महत्त्वाचे दोन मुद्दे. एक, गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर अर्जासोबत जुनी आरसी मागतात. मग बुक हरवलेल्याची अडचण सुटली कुठे? दोन, अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, तेल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला, मळ्यात, दूध घालायला चालत नाही. आणि ज्या आरएक्स १०० साठी आज पोरे वेडी झाली आहेत ती १९८५ साली बाजारात आली. तिची पहिली गाडीसुद्धा २०३५ शिवाय पन्नाशी गाठत नाही. गावात ज्याला व्हिंटेज म्हणतात ते कायद्याने नुसते जुने असते.

पंचिंगच्या वाटेला जाऊ नका

या अडचणीतूनच एक धंदा उभा राहिला आहे. भंगारात गेलेल्या गाडीचे बुक विकत घ्यायचे आणि त्यातला चेसी नंबर आपल्या गाडीवर ठोकून घ्यायचा. "कुणाला कळतंय?" असे सांगतात. कळते. मूळ पंचिंगचा अक्षराचा घाट, खोली, ओळ ही कारखान्याची असते. घासून ठोकलेला नंबर तपासणीत ओळखू येतो, शंका आली तर गाडी न्यायवैद्यक तपासणीला जाते. मग हरवलेल्या कागदाची साधी अडचण फौजदारी गुन्ह्यात बदलते. गाडीही जाते, पैसेही जातात.

सरकारने काय करावे?

दोष फक्त लोकांचा म्हणून भागणार नाही. जुनी रजिस्टरे सरकारच्याच ताब्यात आहेत. ती पूर्ण संगणकात चढवली असती तर निम्मे लोक मार्गी लागले असते. आरटीओची तालुक्याच्या गावी शिबिरे होतात, तिथे लायसन आणि पासिंग होते. त्याच शिबिरात वर्षातून दोन दिवस फक्त जुन्या दुचाकींची नोंद, वारस आणि नाव बदलण्यासाठी द्यावेत. मूळ मालक सापडत नाही अशा गाड्यांसाठी पोलीस पडताळणी, जाहीर नोटीस आणि ठरावीक मुदतीत हरकती अशी पद्धत आखावी. हरकत आली नाही तर नोंद द्यावी. करांच्या थकबाकीला अभय योजना निघतात, तर या दंडाला का निघू नये? सरकारला महसूल मिळेल आणि रस्त्यावर विनाविमा फिरणाऱ्या गाड्या कमी होतील. अपघातात सापडलेल्या गरिबाला भरपाई मिळण्याची वाटही त्यातूनच मोकळी होईल.

तोपर्यंत ज्याला जुनी गाडी घ्यायची आहे त्याने क्रम उलटा करावा. आधी चेसी आणि इंजिन नंबर पुसून स्वच्छ करा, कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घ्या. ती बुकाशी आणि संगणकातल्या नोंदीशी ताडून पाहा. नोंदीतला मालक किंवा त्याचे वारस समोर बसवा, टीटी फॉर्मवर सह्या घ्या. मग टाकी, निकेल आणि किक बघा, आणि शेवटी पैसे मोजा. आणि ज्यांनी पूर्वी गाडी विकली आहे, त्यांनी आपला जुना नंबर एकदा टाकून बघावा. अजून तुमचेच नाव निघाले तर आजच घेणाऱ्याला गाठा.