विश्लेषण : समुपदेशक येईल, शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येणार?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ पासून एकापाठोपाठ एक आदेश दिले. त्यातील समुपदेशक नेमण्याच्या आदेशाची चर्चा बरीच झाली. जानेवारी २०२६ मधील आदेशात मात्र न्यायालयाने थकलेल्या शिष्यवृत्तीलाही हात घातला. घर सोडून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शिकायला येणाऱ्यांच्या दृष्टीने हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

न्यायालयाने काय म्हटले?

दिल्ली आयआयटीतील दोन विद्यार्थ्यांच्या २०२३ मधील मृत्यूंशी संबंधित प्रकरणात न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०२५ रोजी निवृत्त न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर २५ जुलैला विशाखापट्टणम् येथील ‘नीट’च्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे, ‘टेलि-मानस’सारख्या मदतवाहिनीचा क्रमांक (१४४१६) वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावलेला हवा, अशा त्या सूचना आहेत. ही मदतवाहिनी मोफत, चोवीस तास चालणारी आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न किती मोठा, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालावरून दिसते. २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. राज्यनिहाय आकड्यांत महाराष्ट्र सर्वांत वर आहे.

एका समुपदेशकाने भागेल?

आदेशातील ‘किमान एक’ हा शब्दप्रयोग नीट वाचायला हवा. एकशेवीस विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आणि चार हजारांचे महाविद्यालय, दोघांनाही एक माणूस नेमून कागदोपत्री नियम पाळता येतो. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात समुपदेशक असावेत, असेही तत्त्वांत म्हटले आहे; पण ते प्रमाण किती, याचा आकडा नाही.

मार्गदर्शक शिक्षकाची व्यवस्था तर आधीपासून आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी हे विचारले जाते, म्हणून महाविद्यालयांत तशा याद्या आणि नोंदवह्या तयार असतात. समिती येण्याच्या आठवड्यात त्या कशा भरल्या जातात, हे प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको. त्यातून अनेक ठिकाणी शिकवणारा शिक्षकच तासिका तत्त्वावरचा. पुढच्या जूनमध्ये तो त्याच महाविद्यालयात असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. अशा शिक्षकापाशी विद्यार्थ्याने मन मोकळे करावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. जानेवारीतील आदेशात रिक्त पदे चार महिन्यांत भरण्यास सांगितले गेले, त्याचा विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याशी संबंध आहे तो असा.

पैशांचा प्रश्न इथे कुठून आला?

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजनाही आहेत. म्हणजे राज्याने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. अडचण रकमेची आणि वेळेची आहे.

‘स्वाधार’च्या मूळ दरांनुसार मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. तालुक्याच्या ठिकाणी हीच रक्कम ३८ हजार होते. दहा महिन्यांचे सत्र धरून दोन वेळच्या जेवणाचा हिशेब केला, तर एका जेवणाला ५३ रुपये पडतात. निवासाचे महिन्याला दोन हजार होतात. पुण्याच्या पेठांत ‘कॉट बेसिस’वर जागा शोधलेल्या कोणालाही विचारावे, या पैशांत काय मिळते.

तरीही ही रक्कम वेळेवर मिळाली तर मोठा आधार ठरते. ती तशी मिळत नाही, ही तक्रार मात्र दरवर्षीची. प्रवेश पावसाळ्यात होतो. अनामत आणि पहिले भाडे तेव्हाच द्यावे लागते, खाणावळवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. त्यानंतर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, हजेरीचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले खाते, छाननी आणि मग निधी. हप्ता जमा होतो तेव्हा अनेकदा पहिले सत्र उलटून गेलेले असते. मधल्या काळात मित्राकडून उसने घेतले जातात. घरी सांगावे तर तिकडे सोयाबीनला भाव नसतो. एका वेळेचा डबा बंद होतो, मग रात्रीची कामे सुरू होतात, हजेरी घसरते आणि हजेरी घसरली की पुढचा हप्ता अडतो. या साखळीत समुपदेशकाची गाठ पडते ती शेवटच्या कडीला.

कृती दलाच्या अंतरिम अहवालानंतर १५ जानेवारी २०२६ च्या आदेशात न्यायालयाने ही साखळी मधूनच तोडायचा प्रयत्न केला. प्रलंबित शिष्यवृत्त्या चार महिन्यांत द्या; त्या थकल्या म्हणून कोणाला परीक्षेला बसण्यापासून रोखू नका, वसतिगृहातून काढू नका, गुणपत्रिका अडवू नका, असे त्यात बजावले आहे. ‘शुल्क शासनाकडून आले नाही, तोवर तूच भर’ हे वाक्य महाविद्यालयाच्या खिडकीवर ऐकलेल्यांना याचे मोल कळेल.

राज्याने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय मोठाच. पण त्यात राहण्याजेवणाचा खर्च नाही, आणि गावाबाहेर मुलीला पाठवताना घरातले पहिला प्रश्न ‘राहणार कुठे?’ असाच विचारतात.

वसतिगृह म्हणजे केवळ खोली का?

महाराष्ट्राला याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी सापडले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र याच परंपरेतले.

या ठिकाणी मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही, तर पंगतीत कोणाच्या तरी लक्षात येते. तालुक्यातलाच कोणी वरच्या वर्गातला मुलगा असतो. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे तो सांगतो. भाड्याच्या खोलीत पाच अनोळखी मुले आपापल्या मोबाइलकडे तोंड करून झोपतात आणि घरमालक पहिल्या तारखेलाच दिसतो. भत्त्यामुळे वसतिगृहाच्या खाटेची जागा भरून निघते, तिथल्या सोबतीची नाही. म्हणूनच शासकीय वसतिगृहांची क्षमता वाढवण्याऐवजी खात्यात पैसे टाकणे हा पर्याय प्रशासनाला सोपा असला, तरी विद्यार्थ्याला तो महाग पडतो.

तक्रार कोणाकडे करायची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल हवा. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. शिष्यवृत्ती न मिळणे हाही या नियमांत तक्रारीचा विषय आहे. मात्र पैसे समाजकल्याण वा आदिवासी विकास विभागाकडे अडकले असतील, तर महाविद्यालयाची समिती त्यांना पत्र लिहिण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाठपुरावा करणारा निवडून आलेला प्रतिनिधीही नाही. राज्यात १९९४ च्या कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ मध्ये त्या होणार होत्या, पण विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. त्यांना तेव्हापासून मुहूर्त लागलेला नाही.