टेबलावर चालले, रंगनाथन स्ट्रीटवर चालेल?

चेन्नईच्या टी. नगरातील रंगनाथन स्ट्रीट म्हणजे अरुंद रस्ता, दुतर्फा बहुमजली दुकाने आणि सणासुदीला खांद्याला खांदा घासणारी गर्दी. बिनतारी उपकरणाची याहून कठोर परीक्षा क्वचितच सापडेल. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शरीर मोठ्या प्रमाणात शोषून घेते. त्यातच या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाय-फाय वाहिन्या व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. दुकानागणिक राउटर असलेल्या गल्लीत त्या तिघींची काय अवस्था होत असेल?

आपल्या प्रकल्प-प्रदर्शनांत मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप आली आणि दहा-वीस ओळींच्या प्रोग्रामने तापमानाची नोंद मोबाइलवर पोहोचू लागली. या सोपेपणाला नाके मुरडणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. महिनोन्महिने चालणारे काम आठवड्यावर आले, ही विज्ञानाची कमाईच आहे. आक्षेप आहे तो टेबलावर एकदा चाललेल्या नमुन्याला ‘उत्पादन’ म्हणण्यावर.

लोराचे उदाहरण घ्या. आंतरजालावरील अनेक तयार प्रोग्रामांत ९१५ मेगाहर्ट्झ हा आकडा असतो, कारण अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा खुला आहे. भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे एक आकडा न वाचता उतरवला, की नमुना उत्तम चालतो आणि बेकायदाही ठरतो!

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. वाय-फायमध्ये देशाचा संकेतांक देण्याची सोय आहे. तशीच प्रत्येक रेडिओ-लायब्ररीने वारंवारता मागण्याआधी देश विचारावा. आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवण्यापूर्वी पाच उत्तरे मागावीत: हजारांपैकी किती संदेश पोहोचले, किती अंतरावर, मध्ये किती माणसे होती, प्रक्षेपणाच्या क्षणी विजेचा प्रवाह किती होता आणि पट्टा कोणता?

ही मोजमापे एका दुपारी होतात. तेवढीही ज्या नमुन्याच्या वाट्याला आली नाहीत, त्याला पारितोषिक का द्यावे?