ओळ का सरकली?

हुडकेश्वरच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अभ्यासातली चूक दाखवणारे घरी कोणी नाही. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात 'आर' भाषेत एका अटीखाली दोन ओळी आत सरकवून लिहिल्या, पण महिरपी कंस विसरलो. दोन्ही ओळी अटीतल्याच दिसत; संगणक मात्र दुसरी नेहमीच चालवी. उत्तर चुकले. 'आर-स्टुडिओ'त ओळी निवडून कंट्रोल-आय दाबले, तशी दुसरी ओळ बाहेर सरकली आणि चूक उघडी पडली. 'पायथन'मध्ये ही मोकळी जागा अर्थ ठरवते. 'आर'मध्ये ती केवळ वाचणाऱ्यासाठी.

अशा सोयीने विद्यार्थी आळशी होतो, हे मला पटत नाही. मित्रहो, कळ अवश्य दाबा. मात्र ओळ का सरकली, हे स्वतःला विचारा. नीटनेटकेपणा यंत्र देईल, समज आपणच कमवावी लागेल.