‘झोपलात का?’

रात्री दोन-अडीचच्या सुमारास आमच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मी कूस बदलली किंवा पाणी प्यायला उठलो, की अंधारातून पत्नीचा आवाज येतो, ‘‘अहो, झोपला नाहीत का?’’ प्रश्न साधा आहे. हजारो घरांत तो रोज विचारला जात असेल. आमच्या घरात मात्र त्याला धास्तीची किनार आहे. गेली जवळजवळ तीस वर्षे मी ज्या आजारासह जगतो आहे, तो आमच्या घरात नेहमी झोपेच्या वाटेनेच शिरला आहे.

या आजाराला द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात. आता ‘बायपोलर’ हा शब्दही घरोघरी पोहोचला आहे. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य आणि मधे चारचौघांसारखे आयुष्य. लोकांना ही दोन टोके ठाऊक असतात, कारण ती दिसतात. मला लिहायचे आहे ते मधल्या काळाविषयी. वरवर सारे ठीक चाललेले असताना रात्री काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

१९९६ च्या मे महिन्यात पुतणीचे लग्न होते. मांडव, आचारी, पाहुण्यांची उतरण्याची सोय, सारे माझ्याकडे होते. तीन रात्री मी जेमतेम दोन-दोन तास झोपलो असेन. थकवा मात्र नावाला नव्हता. उलट अंगात वीज खेळत होती. ‘‘काय उत्साह आहे हो तुमचा!’’ असे सगळे कौतुकाने म्हणत होते. पाहुणे परतले, तरी माझी झोप परतली नाही. आठवडाभरात मी साठवलेले पैसे एका अचाट धंद्यात घातले, थोरल्या भावाला चारचौघांत वाटेल ते बोललो आणि अखेर रुग्णालयात दाखल झालो. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या धंद्याच्या योजना ऐकून घेतल्या आणि पत्नीला पहिला प्रश्न विचारला, ‘‘हे किती दिवस झोपलेले नाहीत?’’

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला. निद्रानाश आणि उन्माद या वेगळ्या गोष्टी आहेत. निद्रानाश झालेल्या माणसाला झोप हवी असते. ती येत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो गळून जातो. उन्मादात झोपेची गरजच वाटेनाशी होते. दोन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. शिवाय ही गोष्ट दोन्ही बाजूंनी चालते. उन्मादामुळे झोप उडते, तशीच उडालेली झोप उन्मादाला बोलावू शकते. जागरण, रात्रपाळी, दूर देशाचा विमानप्रवास, बाळंतपणानंतरच्या रात्री या साऱ्या म्हणूनच आमच्यासाठी जोखमीच्या असतात.

ही जोखीम एकदा समजली, की एक नवेच दुखणे सुरू होते. ते म्हणजे रात्रीचीच भीती. साडेदहाला दिवा मालवतो. अकरा वाजतात. मनात येते, आज झोप लागली नाही तर? बारा वाजतात. उद्या पुन्हा तसेच सुरू झाले तर? एक वाजता छाती धडधडू लागते, तळवे घामाने ओले होतात आणि उरलीसुरली झोपही पळते. झोपेची काळजी हीच झोपेची वैरीण होते. निरोगी माणूस एका वाईट रात्रीला एक वाईट रात्र म्हणतो. मला तीत १९९६ साल दिसते.

मला वाटे, हा माझा एकट्याचा भित्रेपणा. तसे नाही. द्विध्रुवीय विकार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चिंतेचाही विकार जडतो, असे अभ्यास सांगतात. आजार शांत असतानाही अनेकांची झोप बिघडलेलीच असते. तरीही तपासणीच्या वेळी ‘मूड कसा आहे?’ एवढेच विचारले जाते. ‘ठीक आहे’ म्हटले, की पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात पडते. चिंतेकडे स्वभाव म्हणून पाहिले जाते आणि झोपेकडे वयाचा भाग म्हणून.

हे दुर्लक्ष महागात पडू शकते. चिंतेसाठी एरवी सर्रास दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधे, मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड नसेल तर, आमच्यासारख्याला उन्मादात ढकलू शकतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची एक पद्धत आहे. ती इतरांना गुणकारी ठरते. आमच्या बाबतीत तीही जपून आणि सौम्य करूनच वापरावी लागते. म्हणून झोपेची किंवा चिंतेची तक्रार घेऊन कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो, तरी मूळ आजार लपवू नये. मी एकदा संकोचापोटी तो लपवला होता आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली.

इलाज नाही असे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरील गुण जगापुढे मांडला. रक्तातील प्रमाण, थायरॉईड आणि मूत्रपिंड यांची वेळोवेळी तपासणी करत घेतले जाणारे ते औषध आजही असंख्य लोकांना सावरून धरते. औषधाच्या जोडीला अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपचार घडवला. त्याचे सार आपल्या आजीलाही पटले असते. उठण्याची, जेवणाची, माणसांत मिसळण्याची आणि निजण्याची वेळ रोज शक्यतो तीच ठेवायची. दिवसाचा ताल सांभाळला, की मनाचा ताल सांभाळायला मदत होते.

पण हा ताल एकट्याने सांभाळता येत नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे जागण्याला प्रतिष्ठा आहे आणि झोपेला नाही. रात्र रात्र जागून अभ्यास करणारा मुलगा गुणी आणि वेळेवर झोपणारा आळशी. कोजागरीला लक्ष्मी जागणाऱ्यांवर प्रसन्न होते, अशी आपली समजूत. मला कोजागरीचे दूध आवडते, जागरण-गोंधळही आवडतो. पण ‘‘मी साडेदहाला घरी जातो’’ म्हटल्यावर होणारी चेष्टा तीस वर्षांत संपलेली नाही. कचेरीत २००९ साली मी वर्षअखेरीच्या रात्रीच्या कामातून सूट मागितली, तेव्हा वरिष्ठ हसून म्हणाले, ‘‘झोप काय, सगळ्यांनाच हवी असते!’’ मधुमेही माणसाला कोणी ‘साखर काय, सगळ्यांनाच गोड लागते’ असे म्हणत नाही.

कायदा आता आमच्या बाजूने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात, असे तो सांगतो. बदलत्या रात्रपाळीतून सूट याहून वाजवी सोय कोणती? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढाच अपवाद. आपण या नियमाची चर्चा सण विरुद्ध कायदा अशी करतो. माझ्यासारख्याच्या उशाशी तो औषधाइतकाच मोलाचा आहे.

घरच्यांनाही एक सांगायचे आहे. पहारा आणि सोबत यांत फरक असतो. माझ्या प्रत्येक हसण्याकडे ‘पुन्हा सुरू झाले की काय’ अशा नजरेने पाहिले जाई, तेव्हा मी आनंद लपवायला शिकलो आणि रात्री झोपेचे सोंग घ्यायलाही. यातून कोणाचेच भले झाले नाही. शेवटी आम्ही दोघांनी बसून एक वही घातली. रोज सकाळी किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, एवढेच मी त्यात लिहितो. लागोपाठ दोन रात्री झोप फारच कमी झाली आणि तरीही थकवा नसला, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. हे आम्ही मी बरा असताना ठरवले आहे, म्हणून आजारी असताना त्यावर वाद होत नाही. नुसती एखादी रात्र वाईट गेली, तर तिला वाईट रात्रच म्हणायचे, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. ज्यांच्या जवळ रात्री बोलायला कोणी नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे.

कालच्या रात्रीही अडीच वाजता मला जाग आली. पलीकडून प्रश्न आला, ‘‘झोपलात का?’’ मी खरे तेच सांगितले, ‘‘नाही, जरा काळजी वाटते आहे.’’ ती म्हणाली, ‘‘बरं, पडून राहा. मी आहे.’’ वहीत नोंद आहे : पुन्हा झोप लागली, तीन वाजून दहा मिनिटांनी. जाग आली, साडेसहाला.