पैलवानाच्या बाजूने कोण बोलणार?

चैत्र लागला की बीड जिल्ह्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर, पाचशे, हजारांच्या जोडी, आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची कुस्ती. मोठ्या गावात तिचे इनाम लाखाच्या घरात जाते. लोकवर्गणी गोळा होते, पुढारी आपल्या नावाने इनामे जाहीर करतात, पत्रके छापली जातात, हलगी कडाडते, निवेदक मैदान डोक्यावर घेतो. एवढ्या उलाढालीत पैलवानाच्या हातात मात्र एकही कागद नसतो. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामाचे काय, जाहीर झालेली रक्कम पूर्ण मिळणार की त्यातून काही वजा होणार, खांदा निखळला तर दवाखान्याचे बिल कोण भरणार, हे सगळे तोंडी ठरते. बहुतेकदा तर ठरतही नाही.

ज्या खेळात पैशाचे हे प्रश्न अगदी कोर्टापर्यंत लढले गेले, तो खेळ म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंग. तिथे दोन माणसे वेगळी मानली जातात. प्रमोटर लढत भरवतो: मैदान घेतो, तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क विकतो, नफा-तोटा सोसतो. मॅनेजर बॉक्सरचा असतो. जास्तीत जास्त मानधन मिळवणे, प्रतिस्पर्धी पारखून घेणे आणि कोवळ्या पोराला वेळेआधी जड जोडीसमोर उभे न करणे ही त्याची कामे. त्याबद्दल तो कमाईतला वाटा घेतो. कॅलिफोर्नियात नियमाने हा वाटा जास्तीत जास्त एक तृतीयांश. प्रमोटरला लढत स्वस्तात हवी असते, मॅनेजरला महागात. या ताणातूनच बॉक्सरला योग्य दाम मिळतो.

हे दोघे एका घरातले निघाले तर काय होते, ते टिम विदरस्पूनने भोगले. जुलै 1986 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हा अमेरिकन हेवीवेट विजेता फ्रँक ब्रुनोशी लढला आणि अकराव्या फेरीत जिंकला. त्याचा प्रमोटर डॉन किंग, आणि मॅनेजर डॉन किंगचाच सावत्र मुलगा कार्ल. सगळी वजावट होऊन विजेत्याच्या हाती सुमारे 90 हजार डॉलर पडले. हरलेल्या ब्रुनोला त्याच्या जवळपास दहापट मिळाले. विदरस्पूनने दावा लावला आणि काही वर्षांनी तडजोड होऊन त्याला भरपाई मिळाली, पण तोवर त्याच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती.

बीडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्याला उचल देणारा मुकादम त्याच कारखान्याकडून कमिशन घेतो. मजुराच्या वतीने बोलणारा माणूस समोरच्याचे पैसे घेत असला की हिशेब कुणाच्या बाजूला झुकतो, हे या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

अमेरिकेने बॉक्सिंगमधल्या या प्रश्नांवर कायदे केले. 1996 च्या कायद्याने लढतीपूर्वी वैद्यकीय तपासणी, रिंगजवळ डॉक्टर आणि प्रत्येक बॉक्सरचा आरोग्य विमा सक्तीचा झाला. 2000 मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा आला. मोठ्या लढती खेळणाऱ्या बॉक्सरच्या मॅनेजरच्या धंद्यात प्रमोटरचा आर्थिक हितसंबंध नसावा, आणि त्या लढतीतून आपल्याला काय मिळणार हे प्रमोटरने बॉक्सरला सांगावे, ही त्याची मुख्य कलमे. 2025 मध्ये तिथल्या संसदेत या कायद्यात बदल सुचवणारे विधेयक आले. मानांकन, पट्टा आणि लढत हे सारे एकाच संस्थेच्या हाती जाण्याची वाट त्यातून मोकळी होईल, अशी टीका त्यावर झाली. पंचवीस वर्षांनीही हा वाद संपलेला नाही, कारण पैसा मोठा आहे आणि बॉक्सर एकटा आहे.

खुद्द अलींची सुरुवात कागदावर झाली होती. 1960 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आलेल्या अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेशी (हे अलींचे तेव्हाचे नाव) लुईव्हिलच्या अकरा धनिकांच्या गटाने करार केला. सहीपोटी दहा हजार डॉलर, कमाईचा निम्मा वाटा, खर्च गटाकडे, आणि उत्पन्नातले पंधरा टक्के पुढच्या आयुष्यासाठी बाजूला. निम्मा वाटा घेणे जास्तच होते, पण अटी लिहिलेल्या होत्या आणि त्या बोट ठेवून विचारता येत होत्या. त्याच्या आठ वर्षे आधी खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले, ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. खर्डेकरांचे ऋण महाराष्ट्राने कधीही विसरू नये. पण आपली सारी व्यवस्थाच अशा थोर माणसांच्या भरवशावर राहिली. उपकार करणाऱ्याकडे कुणी हिशेब मागत नाही. असा दाता भेटला नाही, तर पैलवान घरी बसतो.

बीडची दोन नावे आज देशभर घेतली जातात. पाटोद्याच्या राहुल आवारेला पहिले धडे वडील बाळासाहेबांकडून मिळाले. पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली तो घडला. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलात 57 किलो गटात सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. लष्करातच तो धावपटू झाला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्य त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत मिळवले, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. एकाला पोलिस उपअधीक्षकाचे पद मिळाले, दुसऱ्याला लष्कराचा पगार, आहार आणि प्रशिक्षक. म्हणजे बीडच्या खेळाडूला मिळालेला खरा मॅनेजर सरकार आहे. ते वाईट नाही. सरकारी नोकरीने पोरांना पोटाची चिंता न करता खेळू दिले. पण ही दारे पदक घेऊन येणाऱ्याला किंवा भरतीत बसणाऱ्यालाच उघडतात. आणि जो खेळाडू स्वतःचा बाजार शोधू पाहतो, त्याला ही नोकरीच आडवी येते. 2015 मध्ये विजेंदर सिंगने ब्रिटनच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला, तेव्हा तो हरियाणा पोलिसांत डीएसपी होता. नोकरीत राहून व्यावसायिक लढती खेळता येतात का, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला.

विजेंदरने 2016 मध्ये दिल्लीत आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला, 2017 मध्ये मुंबईत वरळीला लढत दिली. पॅरिस ऑलिंपिक खेळलेल्या निशांत देवने 2025 च्या जानेवारीत मॅचरूम या बड्या ब्रिटिश कंपनीतर्फे लास वेगासला पहिली व्यावसायिक लढत जिंकली. या पोरांना करार वाचता येणारी माणसे भेटली. मराठवाड्यातल्या पैलवानाला कोण भेटणार? 2015 मध्ये प्रो रेसलिंग लीगच्या लिलावात योगेश्वर दत्तला 39 लाख 70 हजारांची बोली लागली, तेव्हा कुस्तीचे दिवस पालटले असे वाटले. 2019 नंतर ती लीग कित्येक वर्षे बंद राहिली. लिलावावर पोट अवलंबून असलेल्यांना कुणी विचारले नाही.

महाराष्ट्र केसरीचे तर काय सांगावे. 1961 पासूनचा हा मानाचा किताब, पण संघटनांच्या भांडणात नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले: फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. बॉक्सिंगमध्ये चार संस्थांचे चार पट्टे आहेत आणि त्यातून कुणाचा खिसा भरतो हे जगाला माहीत आहे. कुस्तीने त्या वाटेला जाऊ नये. किताब दोन झाले की त्याचा भाव निम्मा होतो, आणि तो भाव पैलवान यात्रेतल्या इनामाच्या रूपाने मोजतो.

यात वस्तादांना दोष देण्याचा हेतू नाही. पदरचे खर्चून पोरांना दूध-बदाम खाऊ घालणारे वस्ताद नसते तर मराठवाड्यात कुस्ती उरलीच नसती. पण आज जोड ठरवणे, इनाम ठरवणे, यात्रा कमिटीशी नाते सांभाळणे आणि पोराची काळजी वाहणे हे सगळे एकाच माणसावर येते. पुढच्या वर्षी त्याच गावात पोरे न्यायची असतात, म्हणून इनाम कमी मिळाले तरी वस्ताद गप्प राहतो. हा दोष त्याच्या स्वभावाचा नाही; त्याच्यावर सोपवलेली दोन कामे एकमेकांच्या आड येतात.

जिल्हा तालीम संघाला हे या हंगामातच बदलता येईल. मोठ्या इनामाच्या प्रत्येक कुस्तीसाठी एक पानी करार असावा: रक्कम, बरोबरीची अट, पैसे कधी आणि कसे मिळणार. जाहीर केलेले इनाम फडाच्या आधी बँकेत जमा झालेले असावे. वैद्यकीय तपासणी, मैदानावर डॉक्टर आणि त्या दिवसापुरता विमा हा खर्च वर्गणीतून व्हावा. पैलवानाच्या वतीने बोलणाऱ्याची नोंद संघाकडे असावी आणि तो त्या गावच्या कमिटीचा सदस्य नसावा. विम्याच्या खर्चाने छोट्या गावांचे फड बंद पडतील, असा आक्षेप निघेल. त्यावर उपाय आहे: रेवड्यांच्या आणि लहान इनामाच्या कुस्त्यांना कराराच्या अटीतून सूट द्यावी आणि त्यांचा विमा संघाने जिल्ह्यापुरता एकत्र काढावा. पण पहिल्या नंबरच्या कुस्तीला लाखाचे इनाम पत्रकावर छापणाऱ्या गावाला कराराचे एक पान छापणे जड जाऊ नये.