तह की ताबेदारी?

राष्ट्राराष्ट्रांत तह होतात, कुळाकुळांत सोयरिकी जुळतात आणि पेठेत भागीदाऱ्या ठरतात. या तिन्ही प्रसंगी ‘आजपासून आपण एक झालो’ असे उभयपक्ष मोठ्या आनंदाने म्हणतात. परंतु एक झालो म्हणजे नेमके काय झालो, याचा विचार त्या घटकेस फार थोडे लोक करतात. आमच्या मते, ज्या करारानंतर दोन्ही पक्षांस ‘नाही’ म्हणण्याची व हिशेब विचारण्याची मुभा शिल्लक राहते, तोच खरा स्नेहसंबंध होय. एका पक्षाची ती मुभा गेली की उरते ती ताबेदारी. मग तिला नाव कितीही गोड द्या.

महाराष्ट्राने कधीही विसरू नये असे याचे उदाहरण वसईच्या तहाचे आहे. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारविले. पुढील वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, विठोजीचे बंधू यशवंतराव यांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, आणि घरच्यांशी वैर करून बसलेला हा पेशवा वसईस जाऊन इंग्रजांच्या आश्रयास राहिला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी जो तह झाला, त्यास परस्परांच्या संरक्षणाचा तह असेच म्हटले होते. कलमे मात्र पाहावी! इंग्रजांच्या निदान सहा पलटणी पेशव्यांच्या पदरी कायम राहाव्या. त्यांच्या खर्चास सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानावा. अन्य सत्तांशी कोणतेही बोलणे इंग्रजांस विचारल्यावाचून करू नये. म्हणजे फौज इंग्रजांची, खर्च पेशव्यांचा आणि शेवटचा शब्द पुन्हा इंग्रजांचाच! मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्यास परत गादीवर बसला खरा. परंतु १८१८ साली राज्य गमावून आणि सालीना आठ लक्षांच्या नेमणुकीवर संतोष मानून त्यास ब्रह्मावर्ताची वाट धरावी लागली.

कोणी म्हणेल की, दुबळ्याने सबळापुढे अटी त्या काय घालाव्या? या शंकेचे उत्तर आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगण्याची गरज नाही. पेढीत एकाचे भांडवल मोठे व दुसऱ्याचे लहान असते; तथापि, करारात वेगळे ठरले नसेल तर, कारभारात भाग घेण्याचा आणि पेढीच्या वह्या पाहण्याचा हक्क १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याने प्रत्येक भागीदारास दिला आहे. बळ कमीजास्त असले म्हणून हक्क नाहीसा होत नाही. भांडवल घ्यावयाचे पण वही दाखवावयाची नाही, अशी भागीदारी कोणता शहाणा व्यापारी पत्करील?

आणि तरीही हाच शहाणा व्यापारी मुलीच्या लग्नाच्या याद्या करावयास बसला म्हणजे आपले सारे व्यवहारज्ञान बैठकीबाहेर जोड्यांबरोबर ठेवून येतो. याद म्हणजे दोन कुळांमधील तहच. पण तीत देणे सारे वधूपक्षाकडे आणि मागणे सारे वरपक्षाकडे. हुंडा, करणी, मानपान यांनी आरंभ होतो. मग दिवाळसण येतो, पाठोपाठ अधिक महिन्याचे वाण येते. सव्वीस लक्षांच्या मुलखाने ज्याप्रमाणे पुण्याचे रक्षण झाले नाही, त्याप्रमाणे पहिले मागणे पुरविल्याने मुलीचेही रक्षण होत नाही. फक्त दुसऱ्या मागण्यास वाट मोकळी होते. हुंडा घेणे व देणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. तरीदेखील एकट्या २०२२ साली या देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळी सरकारदप्तरी नोंदले गेले. ही संख्या वाचून जो केवळ हळहळतो आणि पुढच्या मुहूर्तावर तशाच यादीवर सही करतो, त्याच्या हळहळीचे मोल काय?

आम्ही सोयरिकींच्या विरुद्ध नाही. दोन घरे जोडली जावीत, सुखदुःखात एकमेकांच्या उपयोगी पडावीत, याहून चांगले ते काय? परंतु त्यासाठी याद्यांच्या बैठकीत जिचा संसार मांडावयाचा ती मुलगी स्वतः बसली पाहिजे आणि तिच्या ‘नाही’ला मान मिळाला पाहिजे. लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी सारखा सोसला पाहिजे. आणि पुढे तिचा छळ झाला तर माहेरचे दार उघडे आहे, हे तिला व व्याह्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट कळले पाहिजे. ज्या घरी हे ऐकून घेण्याची तयारी नाही, तेथे सोयरीक होत नसते. तेथे एक नवी वसई घडत असते. पेढीच्या करारावर सही करण्यापूर्वी आपण जितका विचार करतो, निदान तितका तरी विचार पोटच्या मुलीकरिता आपण करणार की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.